निरोप पोचला म्हणजे नेमके काय झाले?

शिक्षकांच्या खोलीत वरचेवर ऐकू येणारे एक वाक्य आहे : "मी शिकवले हो, पण मुलांच्या डोक्यात काही शिरतच नाही." वाक्य साधे आहे, पण त्यात एक आख्खा सिद्धान्त दडलेला आहे. ज्ञान ही एक वस्तू आहे. ती शिक्षकाजवळ असते. शब्दांच्या गाडीत भरून ती रवाना करायची. मुलाच्या डोक्याचे दार उघडे असेल तर ती आत जाते. गेली नाही, तर दोष दाराचा !

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात हाच सिद्धान्त आपल्याला आकृतीच्या रूपात भेटतो. डावीकडे प्रेषक, उजवीकडे ग्राहक, मध्ये संदेश आणि माध्यम, आणि हे सारे जोडणारा बाण. परीक्षेत ही आकृती काढून आपण गुण मिळवतो आणि पुढे विसरूनही जातो. पण ती मूळची आली कोठून, कोणी काढली आणि कोणता प्रश्न सोडवण्यासाठी, हे पाहिले तर वर्गातल्या त्या नेहमीच्या तक्रारीकडे पाहण्याची आपली नजर बदलू शकते.

तारेत किती मावते ?

या गोष्टीची सुरुवात शाळेत होत नाही, समुद्राच्या तळाशी होते. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या पहिल्या तारेतून इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवण्यात आला. संदेश अवघ्या ९८ शब्दांचा, पण तो पुरा पोचायला सुमारे सोळा तास लागले. लांबलचक तारेतून जाताना विजेचे ठोके पसरट होत आणि एकमेकांत मिसळून जात. घाई केली की सगळाच चिखल. काही आठवड्यांतच ती तार कायमची निकामी झाली.

तेव्हापासून तारायंत्राच्या अभियंत्यांपुढे एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहिला : एखाद्या तारेतून ठरावीक वेळात जास्तीत जास्त किती मजकूर बिनचूक पाठवता येईल ? यासाठी आधी 'मजकूर' मोजायचा कसा, हे ठरायला हवे. १९२४ मध्ये हॅरी नायक्विस्ट आणि १९२८ मध्ये राल्फ हार्टली या अमेरिकन अभियंत्यांनी या दिशेने महत्त्वाची पावले टाकली. हार्टली यांनी सुचवले, की संदेशाचा अर्थ काय, तो ऐकून कोणाला काय वाटले, हा भाग बाजूला ठेवा. पाठवणाऱ्यापुढे किती पर्याय होते आणि त्यांतून त्याने किती वेळा निवड केली, एवढेच मोजा.

१९४८ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन या ३२ वर्षांच्या गणितज्ञाने या विचाराला पूर्ण रूप दिले. संज्ञापनाच्या गणिती सिद्धान्तावरचा त्याचा लेख प्रयोगशाळेच्या नियतकालिकात त्या वर्षी जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन भागांत आला. लेखाच्या सुरुवातीलाच ती आकृती आहे : माहितीचा स्रोत, प्रेषक यंत्र, मार्ग, ग्राहक यंत्र आणि शेवटी मुक्काम. मार्गावर खालून येऊन आदळणारा एक चौकोनही आहे. तो गोंगाटाचा, म्हणजे संदेश बिघडवणाऱ्या व्यत्ययाचा.

येथे एक बारकावा ध्यानात घेऊ. शॅननच्या आकृतीत 'प्रेषक' म्हणजे बोलणारा माणूस नव्हे; ते टेलिफोनसारखे यंत्र आहे. 'ग्राहक' म्हणजे ऐकणारा माणूस नव्हे, तेही यंत्रच. पाठ्यपुस्तकांच्या प्रवासात यंत्रांच्या जागी कधी माणसे येऊन बसली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

यादीतला आकडा

शॅननची मूळ कल्पना समजायला आपल्या टपाल खात्याच्या शुभेच्छांच्या तारेइतके सुरेख उदाहरण सापडणार नाही. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना हे सांगावे लागेल. दिवाळी, विवाह, परीक्षेतले यश अशा प्रसंगांसाठी तारखात्याने तयार वाक्यांची एक यादी केली होती आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला होता. आपण फक्त क्रमांक सांगायचा. तारेतून आख्खे वाक्य जात नसे, आकडा जाई. पलीकडच्या कार्यालयात तीच यादी असे. तेथला कर्मचारी आकडा पाहून वाक्य लिहून काढी आणि तारवाला ते घरी नेऊन देई.

म्हणजे तारेतून 'शुभेच्छा' गेल्याच नाहीत ! दोन्ही टोकांना आधीपासून असलेल्या यादीतून कोणते वाक्य उचलायचे, एवढीच खूण गेली. शॅननच्या सिद्धान्ताचे हे मर्म आहे. माहिती म्हणजे शक्य असलेल्या अनेक संदेशांतून एकाची निवड. समजा यादीत ३२ वाक्ये आहेत आणि सर्वांची शक्यता सारखीच आहे. "क्रमांक १६ च्या पुढचा आहे का ?" असे अर्धे-अर्धे करत गेल्यास बरोबर पाच 'हो-नाही' प्रश्नांत वाक्य सापडते. म्हणून या संदेशात पाच 'बिट' माहिती आहे. वर्गात हा खेळ जरूर खेळून पाहावा; दोनाचे घात आणि लॉगॅरिदम यांची ओळख त्यातून सहज होते.

याचा पुढचा भाग असा, की जे अपेक्षितच आहे त्यात माहिती थोडी, जे अनपेक्षित आहे त्यात जास्त. "मदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली" या चार शब्दांच्या तारेत दोन पानी पत्रापेक्षा जास्त ऐवज असे. किंबहुना तार उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई, कारण साध्या खुशालीसाठी कोणी तार करत नसे. तारवाला दारात उभा राहणे हाच निम्मा संदेश होता.

शॅननने आणखी एक गोष्ट दाखवली. भाषेत पुनरुक्ती भरपूर असते आणि ती निरुपयोगी नसते. 'म-ाराष्ट्र' असे छापले तरी आपण बरोबर वाचतो. धनादेशावर रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरी लिहितो, ती यासाठीच. गोंगाटातून संदेश सुखरूप न्यायचा तर थोडे जास्तीचे सामान बरोबर घ्यावे लागते. किती घ्यावे, याचे गणित शॅननने दिले. आजचे मोबाईल, इंटरनेट, उपग्रह आणि अवकाशयानांकडून येणारी छायाचित्रे ही सारी त्या गणितावर उभी आहेत.

अर्थ बाजूला ठेवला, तो ठेवलाच

शॅननने आपल्या लेखात आरंभीच स्पष्ट केले आहे, की संदेशांना अर्थ असतो हे खरे, पण अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी त्या अर्थाचा संबंध नाही. हा त्याचा दोष नव्हे, तीच त्याची ताकद होती. अर्थ बाजूला ठेवला म्हणूनच संगीत, भाषण, चित्र आणि बाजारभाव यांना एकच माप लावता आले.

१९४९ मध्ये हा लेख पुस्तकरूपाने आला, तेव्हा वॉरन वीव्हर या गणितज्ञाने त्याला सोप्या भाषेतला एक निबंध जोडला. वीव्हरने संज्ञापनाच्या प्रश्नाचे तीन स्तर सांगितले. पहिला, चिन्हे बिनचूक पोचली का ? दुसरा, त्या चिन्हांतून अभिप्रेत अर्थ पोचला का ? तिसरा, त्याचा अपेक्षित परिणाम झाला का ? शॅननचे गणित पहिल्या स्तराचे, पण वरच्या दोन स्तरांनाही ते उपयोगी पडेल, अशी आशा वीव्हरने व्यक्त केली. याच सुमारास, १९४८ मध्ये, हॅरल्ड लासवेल या राज्यशास्त्रज्ञाने कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला आणि कोणत्या परिणामाने सांगतो, ही प्रश्नमाला मांडली. दोन्हींची सरमिसळ झाली आणि पत्रकारिता, जाहिरात, शेतीविस्तार, शिक्षण अशा सर्व क्षेत्रांत बाणाची आकृती पसरली. इतकी, की १९५६ मध्ये खुद्द शॅननलाच एक छोटे टिपण लिहून सावध करावे लागले : माहिती-सिद्धान्ताची ही लाट ओसंडून वाहते आहे, इतर विषयांत तो उसना घेताना प्रयोगाने पडताळून पाहा.

मराठीत या विषयासाठी तीन शब्द चालतात : संदेशवहन, संप्रेषण आणि संज्ञापन. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. पण संदेशवहनात वाहून नेणे आहे, संप्रेषणात पाठवणे आहे आणि संज्ञापनात 'ज्ञा' धातू आहे, म्हणजे जाणवून देणे. वाहून नेले म्हणजे जाणवून दिले, असे होत नाही. सारा घोळ या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

एकही अक्षर न चुकलेला आदेश

हे अंतर किती महाग पडू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण इतिहासात आहे. क्रायमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर उभा होता. रशियन सैनिक काबीज केलेल्या तोफा ओढून नेत आहेत, असे त्याला वरून वाटले. घोडदळाने पुढे होऊन शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत, असा लेखी आदेश त्याने कॅप्टन नोलनबरोबर खाली पाठवला.

खाली दरीत घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन होता. टेकडीवरून दिसणाऱ्या तोफा त्याला दिसतच नव्हत्या. "कोणत्या तोफा ?" या त्याच्या प्रश्नावर नोलनने हाताने मोघम दिशा दाखवली. लुकनला दिसत होत्या त्या दरीच्या टोकाशी मांडलेल्या रशियन तोफा. सुमारे ६७० घोडेस्वार तीन बाजूंच्या माऱ्यात थेट त्या तोफांवर चालून गेले. त्यांतले शंभरावर ठार झाले. अगदी आरंभी पडलेल्यांत नोलन होता, त्यामुळे त्याला नेमके काय म्हणायचे होते, हे कधीच कळले नाही.

शॅननच्या मापाने पाहिले तर या संदेशवहनात गोंगाट शून्य होता. कागद पोचला, अक्षरे शाबूत होती, शब्दही दोघांच्या एकाच भाषेतले. चूक मार्गावर झाली नाही. 'तोफा' या शब्दापुढे दोघांच्या यादीत वेगवेगळ्या तोफा लिहिल्या होत्या. शुभेच्छांच्या तारेत दोन्ही टोकांची यादी एकच असल्याची हमी तारखाते देत होते. माणसांच्या बोलण्यात ही हमी कोण देणार ?

भाषा काय काय करते ?

अभियंते तारेचा विचार करत होते, तेव्हा भाषेचे अभ्यासक वेगळ्याच टोकाने याच प्रश्नाकडे येत होते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला होता. १९२३ मध्ये त्याने लिहिले, की पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसतेच, ते माणसांमधला बंध टिकवण्यासाठी असते. आपल्याकडे रस्त्यात भेटलेला माणूस "काय, कुठं निघालात ?" असे विचारतो, तेव्हा त्याला आपला मार्ग जाणून घ्यायचा नसतो. "हे काय, जरा इकडंच" एवढे उत्तर त्याला पुरते.

१९३४ मध्ये व्हिएन्नातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी भाषेची तीन कार्ये सांगितली : वस्तुस्थिती मांडणे, बोलणाऱ्याचा भाव प्रकट करणे आणि ऐकणाऱ्याला साद घालणे. या साऱ्याचा मेळ घालणारा माणूस म्हणजे रोमन याकोब्सन (१८९६-१९८२). मॉस्कोत जन्म, प्राग येथे उमेदीची वर्षे, नाझींमुळे देशोधडी आणि १९४१ पासून अमेरिका असे त्याचे आयुष्य. माहिती-सिद्धान्ताचा त्याने मनापासून अभ्यास केला होता. १९५८ मध्ये इंडियाना विद्यापीठातील परिषदेत दिलेल्या आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्याने संज्ञापनाचे सहा घटक सांगितले आणि प्रत्येकाला भाषेचे एकेक कार्य जोडले. आपल्या रोजच्या उदाहरणांनी ती सहा कार्ये अशी सांगता येतील :

१. संदर्भाकडे रोख असेल तर माहिती : "दोन तासांनी गाडी आहे."
२. बोलणाऱ्याकडे रोख असेल तर भाव : "अगंबाई !", "छे !"
३. ऐकणाऱ्याकडे रोख असेल तर साद किंवा आज्ञा : "बाळ, फळ्याजवळ ये."
४. संपर्काकडे रोख असेल तर मार्गाची तपासणी : "हॅलो, ऐकू येतंय का ?"
५. भाषेकडे रोख असेल तर शब्दाचा खुलासा : "'वस्तुमान' म्हणजे 'वजन' नव्हे."
६. खुद्द वाक्याच्या घडणीकडे रोख असेल तर काव्य : "अति तिथं माती."

एका वाक्यात एकच कार्य असते, असे नाही. बहुतेक वाक्यांत अनेक कार्ये असतात, त्यांतले एखादे पुढे असते. याकोब्सनने एका नटाची हकिकत सांगितली आहे. स्तानिस्लाव्हस्कीच्या मॉस्को रंगभूमीवर प्रवेश मिळवताना त्याला 'आज संध्याकाळी' एवढेच शब्द चाळीस वेगवेगळ्या भावांत म्हणून दाखवायला सांगितले होते. पुढे संशोधनासाठी त्याच नटाने सुमारे पन्नास प्रसंग योजून तेच शब्द ध्वनिमुद्रित केले. मॉस्कोच्या श्रोत्यांनी त्यांतले बहुतेक प्रसंग ऐकून बरोबर ओळखले. लेखी तारेत हे सर्व संदेश एकच ठरले असते !

मराठीच्या शिक्षकांना यात जुनी ओळख पटेल. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती आपण शिकवतोच. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' ग्रंथात ध्वनीचा सिद्धान्त मांडला. पुढे मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात सूर्य मावळल्याच्या वाक्याचे उदाहरण येते. तेच वाक्य कोणाला 'काम थांबवू या' असे सांगते, कोणाला 'गुरे घरी आणा' असे, तर कोणाला 'संध्येची वेळ झाली' असे. म्हणजे वाक्य एक आणि अर्थ ऐकणाऱ्यागणिक निराळा. याचा अर्थ आपल्याकडे माहिती-सिद्धान्त आधीच होता, असा नव्हे. मोजमाप त्यात नव्हते. पण शॅननने जाणूनबुजून जे बाजूला ठेवले, त्याचाच विचार तेथे केंद्रस्थानी होता.

बाण वळतो

आकृतीतली आणखी एक उणीव लौकरच दुरुस्त झाली. १९४८ मध्येच नॉर्बर्ट वीनर यांचे 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक आले. परिणामाची खबर उलट मूळ जागी आणून पुढची कृती सुधारणे, म्हणजे प्रत्याभरण, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. १९५४ मध्ये विल्बर श्रॅम यांनी सरळ बाणाऐवजी वर्तुळ काढले. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आळीपाळीने पाठवतात आणि घेतात, आणि दोघांच्या अनुभवांची वर्तुळे जेवढी एकमेकांत शिरतील तेवढेच संज्ञापन होते, असे त्यांनी दाखवले.

भारतात हा बदल एका भव्य प्रयोगात पाहता येतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या प्रयोगाखाली अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम असत. प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही या मार्गाने झाले. तांत्रिकदृष्ट्या हे यश मोठे होते. पण बाण एकाच दिशेचा होता. अहमदाबादेहून किंवा दिल्लीहून निघालेले चित्र गावात पोचे. गावातल्या शंकेला त्याच मार्गाने परत जाता येत नसे. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात इस्रोने जो प्रकल्प सुरू केला, त्यात कार्यक्रम पाहण्याच्या केंद्रांबरोबर उलट बोलण्याची सोय असलेली केंद्रेही होती. उपग्रहाच्या आराखड्यात गावकऱ्याच्या प्रश्नाला जागा मिळाली, ती अशी.

पुन्हा वर्गात

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सर्वांनी पडद्यावरून शिकवून पाहिले. "माझा आवाज येतोय का ?" हे वाक्य त्या काळात जितके उच्चारले गेले तितके क्वचितच गेले असेल. याकोब्सनचे चौथे कार्य ते हेच. समोरचे कॅमेरे बंद, चेहरे दिसत नाहीत, भुवया उंचावत नाहीत. प्रत्यक्ष वर्गात दर मिनिटाला किती खबर आपल्याकडे उलट येत होती, हे ती थांबल्यावर कळले.

पण संपर्क असला आणि आवाज स्वच्छ असला, तरी यादीचा प्रश्न उरतोच. विज्ञानाच्या तासाला तो फार गंभीर असतो. 'कार्य', 'बल', 'शक्ती', 'वजन' हे शब्द मुलाच्या यादीत आधीपासून आहेत, फक्त त्यांच्यापुढे वेगळा मजकूर आहे. दप्तर अर्धा तास हातात धरून उभ्या राहिलेल्या मुलाला आपण सांगतो, "तू दप्तरावर काहीच कार्य केले नाहीस." ध्वनी बिनचूक पोचतो. मुलाचा दुखरा हात मात्र वेगळे सांगत असतो. आपण आकडा पाठवला आठवा. त्याच्या यादीत आठव्या क्रमांकावर दुसरेच वाक्य होते. तेथे आवाज चढवून किंवा तेच वाक्य तीनदा सांगून भागत नाही. पुनरुक्ती गोंगाटावरचा उपाय आहे, यादीतल्या फरकावरचा नव्हे.

उपाय याकोब्सनच्या पाचव्या कार्यात आहे : शब्दांविषयीच बोलणे. आणि पहिले पाऊल मुलाने टाकायला हवे. "कार्य म्हणजे तुला काय वाटते ? एक उदाहरण दे," असे आधी विचारले, की त्याची यादी आपल्याला दिसू लागते. मग विस्थापनाची गोष्ट काढायची. याला वेळ लागतो, अभ्यासक्रम मागे पडल्यासारखा वाटतो. पण लुकनने विचारलेला "कोणत्या तोफा ?" हा प्रश्न वर्गातली मुले दररोज मनातल्या मनात विचारत असतात. तो मोठ्याने विचारण्याची त्यांना मुभा आहे की नाही, हे आपल्या हातात आहे.

जाता जाता मराठीची एक लकब पाहू. 'मी शिकवले' यात कर्ता मी आहे. पण समजण्याबाबत आपण 'मला समजले' असे म्हणतो. समजणे ही समजणाऱ्याच्या ठायी घडणारी गोष्ट आहे. ती बाहेरून कोणी करून देऊ शकत नाही, घडावी यासाठी सोय करू शकतो. शॅननच्या आकृतीला मुक्कामाच्या चौकोनापाशी थांबण्याचा अधिकार होता, कारण तिचे काम तेथे संपत होते. आपले काम त्या चौकोनापाशी सुरू होते.